घंटेची वाट पाहणारी देरार्तू

७ ऑगस्ट १९९२ची संध्याकाळ. बार्सिलोनाच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये महिलांची १०,००० मीटरची अंतिम शर्यत चालू होती. एकूण पंचवीस फेऱ्या. आदल्या वर्षी टोकियोत जगज्जेती ठरलेली स्कॉटलंडची लिझ मॅकोल्गन सुरुवातीपासून पुढे होती, आणि पुढे राहूनच सगळ्यांचा दम काढायचा हा तिचा नेहमीचा बेत होता. निम्मं अंतर सरल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या एलाना मायरने तिला ओलांडलं आणि वेग असा वाढवला की बाकीच्या बघता बघता मागे पडल्या. मायरच्या मागे एकच जण गेली. वीस वर्षांची, इथिओपियाची, बाहेरच्या जगाला फारशी ठाऊक नसलेली देरार्तू तुलू.

पुढच्या फेऱ्यांमध्ये डोळ्यांत भरेल असं काहीच घडलं नाही, आणि तरी शर्यत तिथेच ठरली. मायर पुढे, देरार्तू तिच्या पाठीशी. आघाडीचं ओझं थोडा वेळ दुसरीनेही उचलावं अशी मायरची अपेक्षा असणं साहजिक होतं. देरार्तूने पुढे यायचं नाव घेतलं नाही. मायर वेग वाढवी, ती वाढवी. मायर किंचित सैलावली की तीही सैलावे. शेवटच्या फेरीची घंटा वाजायच्या किंचित आधी, सुमारे ४२० मीटर उरलेले असताना, ती बाहेरच्या बाजूने निघाली आणि मायरला उत्तर देण्याची संधीही मिळाली नाही. देरार्तूची वेळ ३१ मिनिटं ६.०२ सेकंद, मायरची ३१ मिनिटं ११.७५ सेकंद. एका फेरीत पावणेसहा सेकंदांचा फरक पडला. अमेरिकेच्या लिन जेनिंग्जला कांस्य मिळालं. मॅकोल्गन पाचवी आली.

शर्यतीनंतर जे घडलं ते मात्र सगळ्या जगाच्या लक्षात राहिलं. सोनं जिंकलेली कृष्णवर्णीय इथिओपियन आणि रुपं जिंकलेली गोरी दक्षिण आफ्रिकन, दोघींनी हातात हात घालून स्टेडियमला फेरी मारली. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका १९६०नंतर ऑलिंपिकबाहेर होती आणि बत्तीस वर्षांनी याच स्पर्धेत परतली होती. वर्तमानपत्रांना याहून चांगलं छायाचित्र कुठून मिळणार? तेव्हापासून आजतागायत बार्सिलोनाची आठवण निघाली की ते छायाचित्र निघतं. पुढे सतरा वर्षांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर देरार्तूच्या हातून आणखी एक असाच भला प्रसंग घडला आणि तोही समाजमाध्यमांवर अजून फिरतो आहे. या दोन प्रसंगांमध्ये एक अत्यंत थंड डोक्याची, हिशेबी, प्रसंगी निष्ठुर धावपटू झाकली गेली आहे. माझं सांगणं तिच्याविषयी आहे.

आधी नावाबद्दल थोडं. इथिओपियात आडनाव नसतं. तुलू हे तिच्या वडिलांचं नाव. तिला तुलू म्हणणं म्हणजे तिच्या बापाला हाक मारणं. तिच्या देशात सगळे तिला देरार्तूच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

तिचा जन्म २१ मार्च १९७२चा, अर्सी प्रांतातल्या बेकोजीचा. राजधानी अदिस अबाबाच्या दक्षिणेला, बार्ली आणि गव्हाच्या शेतांमध्ये वसलेलं हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही हजारावर मीटर वर. घर ओरोमो शेतकऱ्याचं, भावंडं दहा, त्यात ही सातवी. गुरं राखणं आणि घरकाम करणं हे तिथल्या कुठल्याही मुलीच्या वाट्याला येतं तसं तिच्याही आलं. शाळेतल्या शर्यतीत तिने मुलांना मागे टाकलं तेव्हा ती लोकांच्या नजरेत भरली. गावातल्या प्राथमिक शाळेचे मास्तर सेंतायेहू एशेतू मुलांना पळवत असत. पुढे त्यांच्या हाताखालून जी मुलं गेली त्यांची यादी पाहिली तर विश्वास बसत नाही: केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा, तिची धाकटी बहीण गेन्झेबे. १९९६ची ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारी फातुमा रोबाही याच गावची. दिबाबा बहिणी तर देरार्तूच्या नात्यातल्याच, चुलत-मावस नात्याच्या.

बेकोजीबद्दल बोलताना लोक हवेवर येऊन थांबतात. हवा विरळ, म्हणून रक्तात तांबड्या पेशी जास्त, म्हणून दमसास मोठा. हे खरं आहे, पण अपुरं आहे. नुसत्या उंचीवर भागत असतं तर लडाखमधून दर चार वर्षांनी ऑलिंपिक विजेते निघाले असते. बेकोजीत उंची होती, पण त्याच्या जोडीला पहाटे उठवणारा मास्तर होता, शहरातले पोलीस, तुरुंग खातं आणि लष्कर यांचे क्रीडासंघ धावणाऱ्या पोराला पगार देत होते, आणि धावून कुणीतरी गावाबाहेर पडू शकतं हे डोळ्यांसमोर दिसत होतं. मुलींच्या बाबतीत हे शेवटचं मात्र १९९२पर्यंत दिसत नव्हतं. धावून मोठी झालेली बाई गावाने पाहिलीच नव्हती. ती पहिली बाई देरार्तू झाली.

१९८९ साली ती नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेत पहिल्यांदा देशासाठी धावली आणि तेविसावी आली. पुढच्याच वर्षी बल्गेरियात प्लोव्दिव्हला जागतिक कनिष्ठ स्पर्धेत १०,००० मीटर जिंकली. १९९१ला जागतिक क्रॉसकंट्रीत दुसरी, त्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत आठवी. चढण सावकाशीची, पण एकही पायरी चुकलेली नाही.

तिच्या देशाच्या वाटेला मात्र खळगेच फार होते. आबेबे बिकिलाने १९६०मध्ये रोमच्या रस्त्यांवर अनवाणी मॅरेथॉन जिंकून इथिओपियाला जगाच्या नकाशावर आणलं खरं, पण त्यानंतरच्या पिढीचं ऑलिंपिक राजकारणाने गिळलं. न्यूझीलंडचा रग्बी संघ वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला म्हणून १९७६मध्ये आफ्रिकी देशांनी माँट्रियलवर बहिष्कार टाकला, त्यात इथिओपिया होता. १९८४ला सोव्हिएत गटाबरोबर लॉस एंजेलिसवर बहिष्कार. १९८८ला उत्तर कोरियाची बाजू घेऊन सोलवर बहिष्कार. मधल्या १९८०च्या मॉस्कोत तेवढं मिरुत्स यिफ्टरने ५,००० आणि १०,००० मीटरचं सोनं आणलं. हा यिफ्टर लक्षात ठेवण्यासारखा, कारण शेवटच्या तीनेकशे मीटरांत एकदम वेग बदलून समोरच्याला गारद करायचं ही त्याची पद्धत होती, आणि देरार्तूच्या पायांत तीच पद्धत उतरली. १९९१च्या मे महिन्यात मेंगिस्तूची लष्करी राजवट कोसळली आणि पुढच्या वर्षी इथिओपियाचा संघ बारा वर्षांनी ऑलिंपिकला गेला.

आता बार्सिलोनाची ती फेरी पुन्हा पाहावी. ज्या दक्षिण आफ्रिकेच्या कारणाने इथिओपियाने एक ऑलिंपिक सोडलं होतं, त्याच देशाच्या मुलीचा हात इथिओपियाच्या मुलीने धरला होता. मायरचीही उमेदीची वर्षं बंदीत गेली होती. तिची गुणवत्ता जगाला कळली ती पंचविशी गाठल्यावर. पुढे ती अर्धमॅरेथॉनची जगज्जेती झाली, जागतिक विक्रम केला. म्हणजे त्या छायाचित्रात दोन्ही बाजूंना राजकारणाने अडवलेले पाय आहेत. हे सगळं मान्य. पण छायाचित्र पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं की जी मुलगी इतक्या प्रेमाने मायरच्या हातात हात देते आहे, तिने काही मिनिटांपूर्वी त्याच मायरला आघाडीवर एकटीने राबू दिलं होतं?

कृष्णवर्णीय आफ्रिकी स्त्रीने जिंकलेलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक. त्याआधी १९८४मध्ये मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्केलने ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली होती, पण कृष्णवर्णीय आफ्रिकी स्त्रियांत पहिली देरार्तूच. आणि महिलांसाठी १०,००० मीटर ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली होती केव्हा? फक्त चार वर्षांपूर्वी, सोलमध्ये. बायकांना इतकं अंतर झेपणार नाही असं मानणारे पंच-पदाधिकारी १९८०च्या आसपासपर्यंत खुर्चीत होते. त्या अर्थाने देरार्तू अगदी वेळेवर जन्मली. दहा वर्षं आधी जन्मली असती तर विसाव्या वर्षी तिच्या पायाजोगी ऑलिंपिक शर्यतच नसती.

मागे राहून धावणं म्हणजे फुकटेपणा, असा एक आक्षेप लांब पल्ल्याच्या शर्यतींत नेहमी घेतला जातो. त्याचा जरा विचार करायला हवा. पुढे धावणारी दोन कामं करते. वारा तिच्या अंगावर येतो, आणि त्याहून जड म्हणजे वेग ठरवण्याची जबाबदारी तिच्यावर येते; प्रत्येक दोनशे मीटरला मनाशी हिशेब करावा लागतो. मागची या दोन्हींतून सुटते. म्हणून मागे राहणं सोपं वाटतं. पण मागे राहायचं तर समोरचीच्या प्रत्येक लहरीला उत्तर द्यावं लागतं, आणि पुढच्या पावलाला काय येणार हे कळत नसताना शांत राहावं लागतं. नुसती ताकद असलेले पळणारे इथे घाबरतात आणि फार लवकर निघतात. देरार्तूची कमाई तिच्या शेवटच्या फेरीच्या वेगाएवढीच तिच्या आधीच्या चोवीस फेऱ्यांच्या संयमात होती. तो वेग बऱ्याच जणींकडे असेल. तो कधी काढायचा हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

बार्सिलोनानंतरची वर्षं सरळ गेली नाहीत. १९९३च्या सप्टेंबरात बीजिंगला चीनच्या वांग जुंशियाने १०,००० मीटरचा जागतिक विक्रम २९ मिनिटं ३१.७८ सेकंदांवर नेला, एका फटक्यात बेचाळीस सेकंदांची सुधारणा. त्या विक्रमावर तेव्हाही संशय होता आणि आजही आहे. पण घड्याळाकडे पाहून पळणाऱ्यांची पाचावर धारण बसावी असाच तो आकडा होता. देरार्तू घड्याळाच्या नादी लागली नाही. १९९५च्या मार्चमध्ये इंग्लंडातल्या डरॅमला जागतिक क्रॉसकंट्री होती. वाटेत अथेन्सच्या विमानतळावर ती दिवसभर अडकून पडली, रात्री झोप नाही, आणि डरॅमला पोचली ती शर्यतीच्या जेमतेम तासभर आधी. ती शर्यत ती जिंकली. त्याच वर्षी गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत पोर्तुगालच्या फर्नांडा रिबेरोच्या मागे दुसरी. १९९६ला दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉशला क्रॉसकंट्रीत धावताना पायातला बूट निघाला. थांबून, मागे पडून, पुन्हा माणसं गाठत ती चौथी आली. अटलांटा ऑलिंपिकला दुखापत घेऊन उतरली आणि तिथेही चौथी. १९९७ला तुरिनमध्ये पुन्हा जागतिक क्रॉसकंट्री विजेती. त्या दिवशी तिच्या मागोमाग थोडक्या फरकाने दुसरी आली ती इंग्लंडची एक हडकुळी, मान हलवत पळणारी मुलगी, पॉला रॅडक्लिफ. हे नाव या गोष्टीत आता पुन्हा पुन्हा येणार आहे.

१९९८मध्ये देरार्तूला मुलगी झाली. पुढची दीड-दोन वर्षं ती स्पर्धांमध्ये जवळपास नव्हतीच, आणि बऱ्याच जणांनी तिला निकालात काढलं होतं. इथिओपियातही तिच्यापेक्षा वेगवान मुली आल्या होत्या. १९९९च्या सेव्हिल जागतिक स्पर्धेत १०,००० मीटरचं सोनं गेटे वामीने नेलं होतं. २०००च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या व्हिलामोरात देरार्तूने जागतिक क्रॉसकंट्रीची लांब शर्यत तिसऱ्यांदा जिंकली, तेव्हा कुठे लोकांनी पुन्हा वळून पाहिलं.

३० सप्टेंबर २०००, सिडनी. माझ्या मते तिच्या सगळ्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी शर्यत, बार्सिलोनापेक्षाही मोठी. रॅडक्लिफला शेवटच्या फेरीत वेग नाही, हे रॅडक्लिफलाच सर्वांत आधी ठाऊक होतं. म्हणून तिने एकच उपाय केला: पहिल्यापासून पुढे राहून वेग इतका चढा ठेवायचा की शेवटी कुणाच्याच पायात काही उरू नये. फेरीमागून फेरी ती पुढे राबत राहिली आणि मागची रांग बारीक होत गेली. तिचा बेत जवळजवळ साधला होता. पण शेवटच्या फेरीपर्यंत देरार्तू, वामी आणि रिबेरो तिच्या मागे शिल्लक होत्या, आणि शिल्लक असणं एवढंच त्यांना हवं होतं. घंटा वाजली. देरार्तू निघाली. ती शेवटची फेरी तिने जेमतेम साठ सेकंदांत संपवली. नऊ हजार सहाशे मीटर पळून झाल्यावर साठ सेकंदांत चारशे मीटर! आपल्याकडच्या अनेक जिल्हा स्पर्धांत मुलींची ताजीतवानी ४०० मीटरची शर्यत याहून जास्त वेळात जिंकली जाते. ३० मिनिटं १७.४९ सेकंद, नवा ऑलिंपिक विक्रम. वामी दुसरी, रिबेरो तिसरी. रॅडक्लिफ ब्रिटिश विक्रम मोडूनही चौथी.

महिलांच्या १०,००० मीटरमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारी ती पहिली धावपटू. दोन सुवर्णांमध्ये आठ वर्षं, एक दुखापत आणि एक बाळंतपण. त्या काळी आई होऊन परतलेल्या धावपटूंची उदाहरणं होती, पण आफ्रिकी मुलींपुढे फारशी नव्हती. लग्न झालं की पळणं संपलं, ही इथिओपियाच्या खेड्यांतली समजूत एका भाषणानेही न खोडता तिने खोटी ठरवली.

पुढच्या वर्षी एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत रॅडक्लिफने डाव बदलला. सिडनीत पुढे राहून हरलो, तर आता यांच्यासारखंच मागे राहू आणि शेवटी आपणच आधी निघू, असा विचार तिने केला असावा. शर्यत संथ गेली. शेवटच्या फेरीत रॅडक्लिफने आधी उडी घेतली, आणि तिन्ही इथिओपियन मुलींनी तिला शेवटच्या सरळ पट्ट्याच्या आसपास गाठलं. देरार्तू ३१:४८.८१, बेरहाने अदेरे ३१:४८.८५, वामी तिसरी, रॅडक्लिफ पुन्हा चौथी. पहिली आणि दुसरीत फरक चार शतांश सेकंदांचा. दुसऱ्याचं हत्यार उसनं आणून त्याच्याशीच लढू नये, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा ट्रॅकवर सापडणार नाही. रॅडक्लिफने धडा घेतला. ट्रॅकवरून ती रस्त्याकडे वळली आणि दोनच वर्षांत, २००३ला लंडनमध्ये, २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा मॅरेथॉन विक्रम केला जो पुढे सोळा वर्षं टिकला. देरार्तूने हरवलं नसतं तर रॅडक्लिफ इतक्या लवकर मॅरेथॉनकडे वळली असती का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

देरार्तूही रस्त्यावर आली होती. २००१च्या एप्रिलमध्ये लंडन मॅरेथॉन जिंकली २:२३:५७ वेळेत, नोव्हेंबरात टोकियो जिंकली. म्हणजे एकाच वर्षात दोन मोठ्या मॅरेथॉन आणि मध्ये ट्रॅकवरचं जागतिक अजिंक्यपद. आज खेळाडू हंगाम आणि अंतर इतकं तोलून निवडतात की हे पुन्हा कुणी करील असं वाटत नाही.

२००४ला अथेन्समध्ये ती बत्तीस वर्षांची होती. त्या स्पर्धेत मॅरेथॉन अर्ध्यात सोडलेली रॅडक्लिफ पाच दिवसांनी १०,००० मीटरलाही उतरली आणि तीही अर्ध्यात सोडून बाहेर पडली. चीनची शिंग हुईना अनपेक्षित जिंकली, तिरुनेशची थोरली बहीण एजेगायेहू दुसरी, देरार्तू तिसरी. ३० मिनिटं २६.४२ सेकंद, सिडनीतल्या वेळेहून फक्त नऊ सेकंदांनी मागे. या वेळी तिच्याकडे ती शेवटची फेरी नव्हती, आणि तरीही पदक मिळालं. पुढच्या वर्षी हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन. या वेळी जागा उलटल्या: रॅडक्लिफ पहिली, देरार्तू चौथी. मात्र २:२३:३० ही तिच्या आयुष्यातली सर्वोत्तम मॅरेथॉन वेळ त्याच दिवशीची आहे.

मग ती पुन्हा नाहीशी झाली. दुसरं मूल, घर. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटरची दोन्ही सुवर्णं तिरुनेशने घेतली, आणि देरार्तू आता इतिहासात जमा झाली असंच सगळे धरून चालले.

१ नोव्हेंबर २००९ची न्यूयॉर्क मॅरेथॉन ही त्यामुळेच अजब वाटते. रॅडक्लिफ तिथे २००४, २००७ आणि २००८ अशी तीनदा जिंकलेली, कधीच न हरलेली. देरार्तू ३७ वर्षांची. तिचं नाव संभाव्य विजेत्यांत कुणी घेत नव्हतं. शर्यत संथ चालली होती. उत्तरार्धात रॅडक्लिफचा गुडघ्यामागचा स्नायुबंध दुखू लागला आणि ती घोळक्यातून मागे सरकू लागली. त्या वेळी देरार्तूने वळून तिला सोबत येण्याची खूण केली, वेग जरा धरून ठेवला. रॅडक्लिफने तिला पुढे जायला सांगितलं. देरार्तू गेली. सेंट्रल पार्कमध्ये तिच्याबरोबर उरली होती रशियाची ४१ वर्षांची ल्युडमिला पेत्रोव्हा, जी २०००मध्ये हीच शर्यत जिंकली होती. शेवटच्या टप्प्यात देरार्तूने तिला मागे टाकलं. २:२८:५२. न्यूयॉर्क जिंकणारी ती पहिली इथिओपियन स्त्री. पेत्रोव्हा आठ सेकंदांनी मागे, फ्रान्सची क्रिस्टेल दोने तिसरी, रॅडक्लिफ चौथी. सिडनीत आणि एडमंटनला देरार्तू जिंकली तेव्हा रॅडक्लिफ चौथीच आली होती. त्या दिवशीही आली.

इंटरनेटवर ही गोष्ट सांगताना ती साध्वीच्या चरित्रासारखी सांगतात: प्रतिस्पर्ध्यासाठी थांबली आणि देवाने तिला विजय दिला. मला हा सूर पटत नाही. थांबण्याने शर्यत हातची गेली असती तर देरार्तू थांबली असती का? तिचा स्वभाव पाहता मला शंका आहे. ती थांबली तेव्हा शर्यत संथ होती, अंतर पुरेसं उरलं होतं, आणि पेत्रोव्हाला शेवटच्या मैलात आपण मागे टाकू शकतो हे तिला कळलेलं असावं. दुखावलेल्या सहधावपटूला हाक मारण्याइतका मोकळेपणा ज्याच्याजवळ हिशेब पक्का असतो त्यालाच परवडतो. यात तिच्या मोठेपणाला काही उणं येत नाही. उलट, आयुष्यभर जिला दोनशे मीटर आधी निघणं ही चूक वाटे, तिला त्या दिवशी शर्यत किती स्वच्छ दिसत होती हे यातूनच कळतं. ज्या रॅडक्लिफला तिने सिडनीत आणि एडमंटनला पदकाविना परत पाठवलं, तिच्याबद्दल तिच्या मनात आदर होता यात आश्चर्य नाही. आठ-नऊ वर्षं जिच्या पाठीकडे पाहत धावलो तिला आपण चांगलं ओळखतो.

त्याच दिवशी पुरुषांत मेब केफ्लेझिगी जिंकला, जन्म इरिट्रियातला, झेंडा अमेरिकेचा. १९८२नंतर न्यूयॉर्क जिंकणारा तो पहिला अमेरिकन. इथिओपिया आणि इरिट्रिया १९९८ ते २००० एकमेकांशी युद्ध लढले होते. पण न्यूयॉर्कच्या रस्त्यावर असले हिशेब कुणी मांडत नाही.

धावणं थांबल्यावर देरार्तू गप्प बसली नाही. २०१८च्या अखेरीला विख्यात धावपटू हैले गेब्रसेलासीने इथिओपियाच्या ॲथलेटिक्स महासंघाचं अध्यक्षपद सोडलं आणि ते तिच्याकडे आलं. पुढचा काळ वाईट होता. दोन वर्षांनी टिग्रे प्रांतात यादवी युद्ध पेटलं, आणि देशाच्या सर्वोत्तम धावपटूंमध्ये टिग्रेच्या मुली होत्या: लेतेसेनबेत गिदे, गुदाफ त्सेगाय, गोतितोम गेब्रेस्लासे. त्यांची घरं युद्धात, आणि त्या धावणार देशाच्या झेंड्याखाली. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी देशाची ऑलिंपिक समिती आणि महासंघ यांच्यात उघड भांडण झालं आणि देरार्तूने ते लपवलं नाही. २०२२च्या ओरेगॉन जागतिक स्पर्धेत इथिओपियाने चार सुवर्णांसह दहा पदकं जिंकली. चारांपैकी तीन सुवर्णं या तीन टिग्रेच्या मुलींची. ओरोमो अध्यक्षीण आणि टिग्रेच्या विजेत्या गळ्यात गळे घालत होत्या, तेव्हा त्यांच्या देशात शांतता करार व्हायला अजून काही महिने होते.

५,००० किंवा १०,००० मीटरचा जागतिक विक्रम देरार्तूच्या नावावर कधीच नव्हता. विक्रम नंतरच्यांनी केले: २०१६ला रिओत अल्माझ अयानाने वांग जुंशियाचा तेवीस वर्षांचा आकडा पुसला, मग गिदेने त्याच्याही पुढे मजल मारली. दोघी इथिओपियन, दोघी देरार्तूच्या बार्सिलोनातल्या विजयानंतर जन्मलेल्या किंवा वाढलेल्या. विक्रमांच्या तक्त्यावर नजर फिरवणाऱ्याला देरार्तू दिसणार नाही. पण १९९२च्या आधी इथिओपियाच्या एकाही स्त्रीला ऑलिंपिक पदक नव्हतं, आणि आज लांब पल्ल्याच्या कुठल्याही मोठ्या शर्यतीत इथिओपियन मुलगी पुढे नसली तर समालोचक त्याची दखल घेतात.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये गेली कित्येक वर्षं महिलांत पहिली येणारी बहुधा इथिओपियनच असते. २०२०च्या जानेवारीत अमाने बेरिसो २:२४:५१ वेळेत मुंबई जिंकली. पुढे २०२३ला बुडापेस्टमध्ये ती मॅरेथॉनची जगज्जेती झाली. दर जानेवारीला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघणाऱ्या त्या घोळक्यात आपण बहुतेक वेळा फक्त भारतीय क्रमांक शोधतो. पुढच्या वेळी पहिल्या घोळक्यातल्या बायकांकडेही पाहा, आणि पुढे कोण आहे यापेक्षा तिच्या पाठीशी शांतपणे कोण धावते आहे, ते बघा.